राजाची ताटली, कारागिराची सही

डिसेंबर १७५८ ते फेब्रुवारी १७५९ या काळात फ्रेंच सेनापती काउंट लाली मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जला वेढा घालून बसला होता. त्याच्याकडे पैसा नव्हता आणि सैनिकांचे पगार थकले होते. फेब्रुवारीत इंग्रजांची जहाजं किल्ल्याच्या मदतीला आली, तेव्हा लालीला वेढा उठवून माघार घ्यावी लागली. ज्या राजासाठी तो लढत होता, त्या पंधराव्या लुईने त्याच १७५९ साली पॅरिसजवळच्या सेव्र गावातला एक कर्जबाजारी कारखाना पूर्णपणे आपल्या मालकीचा करून घेतला. हा कारखाना तोफांचा नव्हता. तिथे चिनी मातीची, म्हणजे पोर्सेलिनची भांडी होत. वर्ष सरता सरता युद्धाचा खर्च इतका डोईजड झाला की राजाने आपली चांदीची भांडी वितळवायला टांकसाळीत धाडली आणि सरदारांनाही तसंच करायला लावलं. मेजावरून चांदी उतरली, तसं तिथलं पोर्सेलिनचं महत्त्व आणखी वाढलं.

आज त्याच फोर्ट सेंट जॉर्जच्या आवारात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची आणि अर्काटच्या नवाबांची पोर्सेलिनची भांडी मांडलेली आहेत. पुदुच्चेरीच्या फ्रेंच राजवटीची आठवण सांगणाऱ्या दालनातही घड्याळं आणि फर्निचर यांच्या जोडीला पोर्सेलिन आहे. यातली प्रत्येक वस्तू सेव्रची आहे असं मुळीच नाही. पण अठराव्या शतकात सगळा युरोप पोर्सेलिनचा दर्जा ज्या भांड्यांवरून ठरवत होता, ती सेव्रची भांडी समजून घेतली की बाकीच्यांकडे पाहण्याची नजर तयार होते. शिवाय सेव्रचा आणि मद्रास-पुदुच्चेरीच्या या कोरोमंडल किनाऱ्याचा थेट संबंधही आला होता.

मातीचं गुपित

पातळ, पांढरं आणि उजेडाकडे धरलं की प्रकाश झिरपू देणारं पोर्सेलिन चीनमध्ये शेकडो वर्षं बनत होतं. त्याला केओलिन नावाची शुभ्र माती आणि फेल्डस्पार असलेला एक दगड लागतो. दोन्ही दळून, मळून सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले की दगड काचेसारखा वितळतो आणि माती त्याला आकारात धरून ठेवते. युरोपला हे ठाऊक नव्हतं. १७१२ आणि १७२२ मध्ये पेर दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने चीनमधल्या जिंगदेझेन या कुंभारनगरीतून लांबलचक पत्रं लिहून तिथली सगळी कृती कळवली. त्याच पंथाचे पाद्री आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरही हेच काम करत होते. पेर केर्दू याने १७४२ मध्ये इथल्या रंगाऱ्यांकडून चितारलेल्या सुती कापडाची कृती टिपून घेतली आणि फ्रान्सला पाठवली. चिनी कुंभार आणि तमिळ-तेलुगू रंगारी यांची विद्या अशी एकाच वाटेने पॅरिसला पोचत होती.

जर्मनीतल्या माइसेनने १७१० च्या सुमारास खरं पोर्सेलिन साधलं होतं. फ्रान्समध्ये मात्र अजून केओलिन सापडलं नव्हतं. तरीही १७४० मध्ये व्हँसेनच्या किल्ल्यात काही कारागिरांनी भट्टी लावली. केओलिनची उणीव त्यांनी काचेने भरून काढली. वाळू, सोरा, मीठ, तुरटी, सोडा आणि जिप्सम एकत्र वितळवून त्याची काच करायची, ती दळायची, त्यात खडू आणि चुनखडीयुक्त माती घालायची, आणि त्या लगद्याची भांडी घडवायची. यालाच ‘मऊ पोर्सेलिन’ म्हणतात. हा लगदा हाताळायला फार अवघड होता. त्यात चिकटपणा जवळजवळ नसे, भट्टीत तो वाकडा होई, बसे, तडकेही. बरंचसं काम भट्टीतच वाया जाई, आणि कारखाना वर्षानुवर्षं तोट्यात राहिला त्याचं हे मोठं कारण होतं.

सुरुवातीच्या काळात कारखाना तगला तो फुलांवर. मादाम ग्राव्हाँ यांच्या देखरेखीखाली बायका पोर्सेलिनची एकेक पाकळी हाताने घडवत. ती फुलं तारेच्या देठांवर बसवून झुंबरांना आणि फुलदाण्यांना लावली जात. १७५३ मध्ये राजाने भांडवलात वाटा घेतला आणि कारखान्याला ‘शाही’ हे बिरुद मिळालं. १७५६ मध्ये तो सेव्रला हलला. हे गाव व्हर्सायच्या वाटेवर आणि मादाम द पोंपादूर यांच्या बेलव्ह्यू महालाच्या जवळ होतं. राजाच्या या प्रभावी सखीने कारखान्याला शेवटपर्यंत बळ दिलं.

रंग, पांढरी जागा आणि सोनं

मऊ पोर्सेलिनच्या कटकटींची भरपाई त्याच्या रंगांनी केली. भांडं एकदा भाजून झालं की त्यावर शिशाची झिलई चढवून ते कमी आचेवर पुन्हा भाजत. त्या झिलईवर लावलेला रंग तिसऱ्या भाजणीत झिलईबरोबरच मऊ होई आणि दुधात केशर उतरावं तसा आत उतरे. खऱ्या, कठीण पोर्सेलिनवर रंग वरच्यावर बसतो. बोट फिरवलं तर त्याचा कंगोरा हाताला लागतो. जुन्या सेव्रवर मात्र रंग आणि झिलई एकजीव झालेले दिसतात.

रंगांची जबाबदारी १७५१ पासून झाँ एलो या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. तो विज्ञान अकादमीचा सदस्य होता आणि लोकर रंगवण्याच्या कलेवर त्याचा ग्रंथही होता. भांड्याच्या बहुतेक पृष्ठभागावर एकच गडद रंग द्यायचा, हे सेव्रचं खास वैशिष्ट्य. कोबाल्टचा गर्द निळा आधी आला. १७५३ मध्ये तांब्यापासून केलेला फिरोजी रंग आला, तो ‘आकाशी निळा’ म्हणून गाजला. त्यानंतर पिवळा, १७५६ मध्ये हिरवा आणि १७५७-५८ च्या सुमारास गुलाबी. हा गुलाबी रंग सोन्यापासून होत असे. सोनं आम्लात विरघळवून कथलाच्या क्षाराने त्याचा जांभळट साका मिळवायचा आणि तो काचेत मिसळायचा.

गडद रंग देताना मधेमधे पांढऱ्या जागा राखून ठेवत. चितारी त्या जागेत फुलं, पक्षी, बालकं, बंदरावरची दृश्यं किंवा बूशे या चित्रकाराच्या शैलीतली धनगर जोडपी रंगवी. मग येई सोनं. जिथे रंग संपे आणि पांढरी जागा सुरू होई, ती कड नेमकी सोन्याच्या महिरपीने झाकली जाई. सुरुवातीचा गर्द निळा झिलईखाली असे, त्यामुळे तो ढगाळ आणि कमीजास्त उतरे. मग त्यावर सोन्याची बारीक वळवळती जाळी काढत, म्हणजे तो दोष नजरेआड होऊन तीच नक्षी ठरे. शेवटच्या भाजणीनंतर सोनं मंद दिसे. ते घोटून चकचकीत करायचं आणि काही ठिकाणी मुद्दाम तसंच ठेवायचं, म्हणजे एकाच पानाची एक बाजू लखलखीत आणि दुसरी मऊ दिसे. सोनं घोटण्याचं हे काम बहुधा बायका करत.

एका ताटलीला अशा चार भाजण्या लागत. चौथ्या भाजणीत तडा गेला तर तोवरचं सगळं काम बुडे.

मेजावर काय मांडत

अशी नाजूक भांडी मटणाच्या रश्श्याला वापरत नसत. मुख्य जेवण चांदीच्या भांड्यांत होई. मग मेज आवरून फळं, मुरंबे, मिठाया आणि आइस्क्रीम पोर्सेलिनमध्ये वाढत. म्हणून सेव्रचे बहुतेक मोठे संच मुळात गोडाच्या पंगतीचे आहेत. त्यात नुसत्या ताटल्या नसत. फळांचे पसरट वाडगे, साखरदाण्या, मुरंब्याच्या वाट्या, बाटली गार ठेवायची बादली, पेले पालथे घालून गार करायची कंगोरेदार कुंडी असं बरंच काही असे.

यात सगळ्यात हुशारीने घडवलेलं भांडं म्हणजे आइस्क्रीमचं. त्याचे तीन भाग असत. खालच्या बादलीत बर्फ, त्यात बसणारं आतलं भांडं आइस्क्रीमसाठी आणि वरचं झाकण खोलगट, म्हणजे त्यातही बर्फ भरता येई. वरून-खालून गारवा मिळाला की वाढप होईपर्यंत आइस्क्रीम टिके. तिन्ही भाग वेगवेगळे भाजून एकमेकांत अचूक बसवायचे होते, तेही भट्टीत वाकणाऱ्या लगद्यातून.

या भांड्यांची भेट म्हणजे राजनीतीचा भाग होता. १७५८ मध्ये डेन्मार्कच्या राजाला आणि ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांना हिरवे संच गेले. रशियाच्या कॅथरीन राणीने १७७६ मध्ये साठ माणसांचा फिरोजी संच मागवला. तो १७७९ मध्ये रवाना झाला आणि त्याची किंमत तीन लाख लिव्हर या तेव्हाच्या फ्रेंच चलनाच्या वर गेली. सोळाव्या लुईने १७८३ मध्ये स्वतःसाठी पौराणिक प्रसंगांचा निळा संच सांगितला. कोणत्या साली कोणती भांडी करायची याचं वेळापत्रक त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आणि ते १८०३ पर्यंतचं होतं. त्यातल्या एकेका ताटलीचा दर ४८० लिव्हर होता. जानेवारी १७९३ मध्ये राजाला गिलोटिनवर चढवलं गेलं आणि संच अपुरा राहिला. तयार झालेली भांडी १८११ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने विकत घेतली. आज ती विंडसरच्या शाही संग्रहात आहेत.

टिपूचे वकील सेव्रमध्ये

जुलै १७८७ मध्ये टिपू सुलतानाचे तीन वकील पुदुच्चेरीहून जहाजाने फ्रान्सला निघाले. मोहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मोहम्मद उस्मान खान हे ते तिघे. जून १७८८ मध्ये ते तुलाँ बंदरात उतरले आणि १० ऑगस्टला व्हर्सायमध्ये सोळाव्या लुईने दरबार भरवून त्यांची भेट घेतली. टिपूला इंग्रजांविरुद्ध फौज हवी होती, पण त्याच्या मागणीत कारागीरही होते. बंदुका आणि घड्याळं करणाऱ्यांबरोबर त्याला काचेचे आणि पोर्सेलिनचे कारागीर श्रीरंगपट्टणला हवे होते. परदेशी माल आणण्यापेक्षा तो करणारे हात आणावेत, ही त्याची दृष्टी होती.

वकिलांना सेव्रचा कारखाना दाखवण्यात आला. सेव्रचा चितारी शार्ल-एल्वा आसलँ याने सँ-क्लूच्या बागेत फिरणारे हे वकील आणि त्यांना पाहायला लोटलेली गर्दी यांचं चित्र काढलं. ते चित्र आजही सेव्रच्या संग्रहालयात आहे. राजाने टिपूसाठी भेटी दिल्या त्यात सेव्रचं पोर्सेलिन होतं. फौज मात्र मिळाली नाही, कारण राजाचा खजिना रिकामा होता आणि वर्षभरात फ्रान्समध्ये क्रांतीच झाली.

पुढचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. १७९२ मध्ये इंग्रज, निजाम आणि हरिपंत फडक्यांच्या नेतृत्वाखालचं मराठी सैन्य श्रीरंगपट्टणसमोर एकत्र उभं राहिलं. टिपूला तह करावा लागला आणि त्याची दोन मुलं ओलीस म्हणून मद्रासला आली. मुलं स्वाधीन करण्याचा तो प्रसंग टॉमस बँक्स या शिल्पकाराने इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरला. हा पुतळा फोर्टच्या त्याच संग्रहालयात उभा आहे. पोर्सेलिन पाहायला जाणाऱ्याने आधी या चौथऱ्यापाशी थांबावं. सेव्रची भेट ज्या मैत्रीची खूण होती, ती मैत्री का फळली नाही, याचा निम्मा इतिहास तिथे दगडात आहे.

सेव्र आणि हा किनारा यांना जोडणारा आणखी एक धागा पक्ष्यांचा आहे. १७८० च्या दशकात सेव्रच्या चिताऱ्यांनी ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या पक्षिग्रंथातली रंगीत चित्रं समोर ठेवून ताटल्या रंगवायला सुरुवात केली. या संचांत प्रत्येक ताटलीवर वेगळा पक्षी आणि मागच्या बाजूला त्याचं नाव असे. खाणाऱ्याने ताटली उचलून पाहिली की निसर्गशास्त्राचा पाठ होई. ज्या चित्रमालेवर हे काम आधारलं होतं, तिच्यात कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेले पक्षीही आहेत. त्यातलाच एक तुरेवाला काळा-पांढरा कोकीळकुळातला पक्षी म्हणजे आपला चातक. त्याचं शास्त्रीय नाव १७८३ मध्ये याच चित्रावरून ठरलं.

ताटली उलटी करून पाहताना

सेव्रचं खरं मोठेपण मला ताटलीच्या पाठीवर दिसतं. तिथे निळ्या रंगात दोन वळणदार ‘एल’ एकमेकांत गुंफलेले असतात. ही राजाच्या नावाची मुद्रा. त्यांच्या मधे एक अक्षर असतं आणि ते साल सांगतं. १७५३ साठी ‘ए’, पुढच्या वर्षी ‘बी’, अशा क्रमाने १७७७ ला ‘झेड’ आला. मग १७७८ पासून दुहेरी अक्षरं सुरू झाली. वकील आले त्या १७८८ साठी ‘के-के’ हे अक्षर होतं.

राजाच्या मुद्रेशेजारी छोट्या खुणा असतात. त्या कारागिरांच्या. प्रत्येक चिताऱ्याची आणि सोनेरी काम करणाऱ्याची स्वतःची खूण कारखान्यात नोंदलेली होती. कुणाचं अक्षर, कुणाचे ठिपके, कुणाचं फूल. मनुष्याकृती रंगवण्यात अव्वल मानला गेलेला शार्ल-निकोला दोदँ ‘के’ हे अक्षर काढी. सोनेरी कामाचा उस्ताद आंरी-फ्राँस्वा व्हँसाँ ‘२०००’ हा आकडा लिही, कारण फ्रेंचमध्ये ‘वीस शे’ म्हटलं की त्याच्या नावासारखंच ऐकू येतं. कुणाच्या हाताने काय झालं, भट्टीत काय गेलं, कुणाला किती मजुरी द्यायची आणि माल कुणाला विकला याची बाडंही ठेवली जात. त्यांतली पुष्कळ सेव्रमध्ये जपलेली आहेत. म्हणून आज अभ्यासक ताटलीची पाठ आणि हे कागद ताडून पाहतात आणि अडीचशे वर्षांपूर्वी ती कुणी रंगवली हे नावानिशी सांगू शकतात.

या खुणा मजुरीच्या हिशेबासाठी होत्या, कारागिराच्या गौरवासाठी नव्हत्या. पण त्या राहिल्या आणि त्यांनी कारागिराला विस्मृतीतून वाचवलं. आपल्याकडे याच्या उलट घडलं. तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारी उमललेली चित्रं असोत, पितळेच्या ताटावर तांब्या-चांदीचं उठाव काम केलेली तंजावरी ताटं असोत की कोरोमंडलची कलमकारी, काम जगभर गेलं आणि करणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच लिहिलं गेलं नाही.

फसवणूक कशी ओळखावी

गुंफलेले दोन ‘एल’ दिसले म्हणजे भांडं शाही, असं मानणं धोक्याचं आहे. १७६८ मध्ये लिमोजजवळ सँ-इरिए इथे केओलिन सापडलं आणि सेव्रमध्ये कठीण पोर्सेलिनही होऊ लागलं. त्यावर ‘एल’च्या डोक्यावर मुकुट काढत. १८०० मध्ये अलेक्झांद्र ब्राँनियार संचालक झाला. त्याने १८०४ मध्ये मऊ पोर्सेलिन बंद केलं आणि कोठारातला जुना, न रंगवलेला पांढरा माल विकून टाकला. पॅरिस आणि लंडनमधल्या, कारखान्याबाहेरच्या चिताऱ्यांनी तो घेऊन जुन्या पद्धतीने रंगवला. अशी भांडी मातीने अस्सल आणि नक्षीने नक्कल आहेत. १८४५ मध्ये सुरू झालेल्या पॅरिसच्या साँसाँ या पेढीने आणि इतर अनेकांनी तर उघडपणे जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती केल्या. संस्थानिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांतून आलेल्या ‘सेव्र’च्या फुलदाण्यांत एकोणिसाव्या शतकातल्या अशा कामाचा भरणा असू शकतो.

म्हणून साल आणि रंग एकमेकांशी जुळतात का ते पाहावं. पाठीवर ‘ए’ म्हणजे १७५३ आणि पुढे गुलाबी जमीन असेल तर गडबड आहे, कारण गुलाबी रंग तोवर आलाच नव्हता. क्रोमियमचा घट्ट, सपाट हिरवा दिसला तर भांड्याची नक्षी एकोणिसाव्या शतकाच्या आधीची नाही, कारण क्रोमियमचा शोधच १७९७ चा. झिलईत उतरलेला रंग, कडेवर हाताने घोटलेलं सोनं, गोडाच्या सुऱ्यांचे बारीक ओरखडे या अस्सलपणाच्या बाजूच्या गोष्टी आहेत. एका खुणेवर निर्णय देऊ नये. सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवावा. घरात अशी जुनी ताटली असेल तर ती घासणीने घासू नये आणि भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. झिलईवरचं सोनं एकदा गेलं की परत येत नाही.

आपल्या देशात हे पाहायची सोय आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सेव्रचा संग्रह आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याने दिलेल्या युरोपीय वस्तू आहेत. चेन्नईला फोर्ट सेंट जॉर्ज आहे. माझी एकच विनंती या आणि अशा सगळ्या संग्रहालयांना आहे. प्रत्येक भांड्याच्या शेजारी त्याच्या पाठीचं मोठं छायाचित्र लावा आणि तिथल्या खुणांचा अर्थ मराठीत, तमिळमध्ये, तेलुगूत लिहा. ताटली कुणाच्या मेजावर होती हे पाट्यांवर सहसा असतंच. ती कुणाच्या हातची आहे हेही लिहिलं पाहिजे, कारण राजाने ती फक्त विकत घेतली होती, आणि तिच्यातलं सौंदर्य ज्याने घडवलं त्याने स्वतःची खूण आपल्यासाठी तिथे सोडली आहे.